ब्लोअर महाग, माणूस स्वस्त

धक्क्यावर हवा खायला येणाऱ्या पांढरपेशाला बोट दिसते, लाटा दिसतात, सूर्यास्त दिसतो. घरी जाऊन तो सूर्यास्तावर कविता करतो. कविता मीही करतो. पण मी गोदीतला मजूर. मला सूर्यास्ताच्या आधी बोटीच्या पोटातली टाकी दिसते. त्या टाकीत काय साठतं आणि ते कोण काढतं, एवढ्यावरच मला लिहायचंय. दोस्तहो, नाक धरून वाचू नका. नाक धरायची सवय ज्यांनी आपल्याबद्दल जगाला लावली, त्यांच्याशीच आपलं भांडण आहे.

मी अंतरवाली सराटीचा. तालुका अंबड, जिल्हा जालना. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे आमच्या गावात मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला पोलिसांच्या लाठ्या पडल्या, आणि गाव देशभर झालं. त्याआधी आमचं नाव कोण घेत होतं? आमच्याकडं गोदावरी आहे, समुद्र नाही. पण पोट समुद्राकडं ढकलतं. दहावी झालो आणि मुंबईच्या गोदीत आलो. गावाचा आणि बोटीच्या संडासाचा संबंध काय, ते पुढं सांगतो.

आधी टाकी समजून घ्या. न समजता दिलेली शिवी फुकट जाते.

बोटीच्या संडासाखाली गटार नसतं. पंपानं पाणी ओढतात आणि मैला पाइपातून टाकीत जातो. टाकीला आत येणारं एक तोंड, उपसायचं दुसरं, आणि हवेचं तिसरं. त्याला म्हणतात वेंट. सगळा खेळ या तिसऱ्या तोंडाचा. हवा खेळती असली की हवेवर जगणारे जंतू मैला पचवतात. वेंट तुंबला की ते मरतात. मग बिनहवेचे जंतू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी दबा धरून बसतो. थोडा असला तर नाकाला कळतो, जास्त झाला तर नाकच मारून टाकतो. माणसाला वाटतं वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तो उतरतो. वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो.

मोठ्या जहाजावर तर मैल्याचा छोटा कारखानाच असतो. पहिल्या खणात ब्लोअर हवा सोडतो, दुसऱ्यात गाळ बसतो, तिसऱ्यात क्लोरीन पडतं. ब्लोअर बंद पडला की पहिला खण सडतो, आणि पहिला सडला की पुढचे दोन नावापुरते.

मग निगा म्हणजे काय? वेंट मोकळा ठेवायचा. ब्लोअर चालू ठेवायचा. टाकी काठोकाठ भरायच्या आत पंपानं उपसायची. खारं पाणी आणि लघवी मिळून पाइपात दगडासारखा थर धरतो, म्हणून अधूनमधून गोडं पाणी मारायचं. ब्लीच ओतून कामाचे जंतू मारायचे नाहीत. चिंध्या, बोळे टाकायचे नाहीत. एवढं केलं तर टाकीत माणूस उतरवायची पाळी क्वचितच येते. आलीच, तर टाकी आधी रिकामी करायची, झाकण उघडून हवा मारायची, मीटर सोडायचा. ऑक्सिजन २१ टक्के आणि विषारी वायू नाही, असं मीटरनं सांगितल्यावरच माणूस आत. वर दुसरा माणूस, मधे दोर. जहाजांसाठी हा नियम लिहून ठेवलेला आहे. कुणी नवा शोधायचा नाही.

आता माझं म्हणणं सरळ आहे. ही निगा होत नाही, कारण ब्लोअर महाग आहे आणि आपला माणूस स्वस्त आहे.

एका बार्जवर आमची टोळी होती. मालक कोण ते सोडा, त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. संडासाची टाकी तुंबलेली, वेंटवर रंगाचे थरच्या थर. मुकादमानं टोळीवर नजर फिरवली.

"कुठला रे तू?"

"जालन्याचा."

"आडनाव?"

सांगितलं.

"मग तू उतर. तुला सवय असंल."

सवय! माझ्या बापानं शेतमजुरी केली, मी गोण्या वाहिल्या. आमच्या घरात मैल्याची टाकी कुणी पाहिली नव्हती. पण आडनाव ऐकून त्याला माझ्या हाताची सवय कळली. मी म्हणालो, "मुकादम, मीटर द्या, दोर द्या, आधी हवा मारा." तो हसला. म्हणाला, "मीटर कशाला, वास येतोय ना?" मी नाही उतरलो. बाकीचेही नाही उतरले. दुसऱ्या दिवशी पंप आला, झाकण उघडलं, टाकी वरूनच उपसली गेली. म्हणजे पंप होता. आदल्या दिवशीही होता. फक्त त्याचं भाडं माझ्या जिवापेक्षा जास्त होतं.

ही स्वस्ताई आजची नाही. इंग्रजांच्या बोटींवर देशी खलाशी असत. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि सगळ्यात खाली टोपास. टोपास म्हणजे संडास-मोऱ्या धुणारा. हा शब्द आधी पोर्तुगीज वळणाच्या मिश्र वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठी होता, पुढं तो बोटीवरच्या भंग्याचा हुद्दा झाला. इकडं शास्त्रीबुवा सिंधुबंदी सांगत होते. म्हणे समुद्र ओलांडला की जात बुडते. कुणाची बुडाली? ती तर खालच्या डेकवर झाडू घेऊन आरामात विलायतेला जाऊन आली. नौदलातही टोपास राहिला, स्वातंत्र्यानंतरही राहिला. पुढं त्याचं नाव झालं हायजिनिस्ट. दहावी पास पोरांच्या भरतीच्या जाहिरातींत शेफ आणि स्टुअर्ड यांच्या शेजारी हे नाव आपण वाचलंय. त्या भरतीत जात विचारत नाहीत, हे कबूल. पण नाव इंग्रजी झालं म्हणून वर्दीतल्या शेजाऱ्याची नजर धुऊन निघते का, ते त्या पोराला विचारा.

आणि आता खरी गंमत बघा. परदेशी जाणाऱ्या मालवाहू जहाजावर हाच मैल्याचा कारखाना बहुधा चौथ्या इंजिनिअरच्या ताब्यात असतो. तो बॉयलर सूट घालतो, हातमोजे चढवतो, स्वतःच्या हातानं पंप उघडतो, तुंबलेला पाइप मोकळा करतो. संध्याकाळी आंघोळ करून अधिकाऱ्यांच्या पंगतीला जेवतो. त्याचं ताट कुणी बाजूला ठेवत नाही. लग्नाच्या बाजारात त्याचा भाव उतरत नाही. घाण तीच, वास तोच. मग विटाळ कुठं गेला? विटाळ मैल्यात कधी नव्हताच. तो आडनावात होता. ज्याच्या हातात सर्टिफिकेट आणि मीटर आहे तो इंजिनिअर, ज्याच्या हातात बादली आहे तो भंगी. आपल्याला बादली देणाऱ्यांनी मीटर मुद्दामच दिला नाही.

कायदा काय म्हणतो? समुद्रासाठी कायदा पक्का आहे. मार्पोल कराराचं चौथं परिशिष्ट २००३ साली लागू झालं. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ४०० टनांच्या वरच्या किंवा १५ हून जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांना ते बांधतं. कच्चा मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचा नाही. बारीक करून जंतू मारलेला ३ मैलांच्या आत नाही. कच्चा सोडायचा तर बोट निदान ४ नॉट वेगानं चालती हवी, आणि एकदम ओतायचा नाही. बंदरावर उपसून घ्यायची सोय हवी. चांगला कायदा आहे. मासळी जगली पाहिजे, कोळी जगला पाहिजे. पण माशापासून मैला किती मैल लांब हवा हे जगानं मोजलं. माणसापासून किती लांब हवा?

माणसासाठीचा कायदा २०१३ चा. हातानं मैला साफ करायला लावणं गुन्हा, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं गुन्हा. त्यात रेल्वेरुळाचं नाव आहे. बोटीचं नाही. सेप्टिक टँकची व्याख्या करताना ती साधारणपणे जमिनीखाली असते, असं लिहिलंय. बोटीला जमीन कुठून आणायची? शिवाय सरकारनं ठरवलेली साधनं आणि कपडे दिले, की तो माणूस या कायद्यात मैला वाहणारा धरलाच जात नाही. म्हणजे हातमोजा चढवला की गुन्हा संपला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख ठरवले, २०२३ साली ३० लाख केले. पैसे वाढले, बरं झालं. मरण थांबलं नाही. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली, हा आकडा सरकारनंच संसदेत दिलाय.

आता गाव. २०१४ साली स्वच्छ भारत आलं, संडासामागं १२ हजार मिळू लागले. सरकारी नकाशात दोन शोषखड्डे होते. एक भरला की बंद करायचा, दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचं काही काळानं वास नसलेलं खत होतं. कुणाच्याही हातानं काढावं, शेतात टाकावं. किती साधं! पण गावोगाव पुष्कळांनी एकच भली मोठी टाकी बांधली. का? खताला हात कोण लावणार! टाकी भरली तर 'ते लोक' आहेतच. बोटवाला ब्लोअर दुरुस्त करत नाही, गाववाला दुसरा खड्डा खणत नाही. दोघांचा भरवसा एकाच यंत्रावर, आणि ते यंत्र म्हणजे आपण.

माझ्या गावात आरक्षणासाठी उपोषण झालं. गरीब मराठ्याच्या पोराची भूक खोटी नाही. वाटण्या होऊन शेत संपलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याशी माझं वैर नाही. पण त्यालाही आणि साऱ्या देशालाही एक विचारतो. २०२४ साली केंद्राच्या नमस्ते योजनेत शहरांतल्या गटार आणि सेप्टिक टँक कामगारांच्या नोंदी झाल्या. सुमारे ३८ हजार नोंदींत ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. आदिवासी आणि ओबीसी धरून आकडा ९२ च्या आसपास जातो. या आरक्षणाच्या विरुद्ध कुठल्या कोर्टात कुणी गेलंय? गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून ओरडणाऱ्यांनी इथं खुल्या स्पर्धेची मागणी कधी केलीय?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. २०१३ च्या कायद्यात सरकारला अधिसूचना काढून आणखी जागा घालता येतात. बोट, बार्ज, लाँच, टग यांच्या टाक्या त्यात घाला. प्रत्येक धक्क्यावर उपसायचा पंप ठेवा आणि त्याचं भाडं मालकाकडून घ्या. मीटर नसेल तर झाकण उघडायचं नाही, आणि नाही म्हणणाऱ्याची हजेरी कापायची नाही.

आणि दोस्तहो, तुम्हालाही सांगणं आहे. हे काम सोडा, एवढं म्हणून भागणार नाही. काम राहणारच, कारण माणूस हगणारच. वेंट शिका, ब्लोअर शिका, पंप शिका, मीटर वाचायला शिका. शिका म्हणजे त्यांचे इंजिनिअर व्हा, आणि टोळीत असाल तर मुकादमाला नाही म्हणणारे व्हा. एकट्यानं नाही म्हटलं तर हजेरी जाते. टोळीनं म्हटलं की पंप येतो.

जयभीम.