फुंक शून्य, डोळे लाल

परवा रात्री हिंगोलीबाहेरच्या एका नाक्यावर पोलिसांनी ट्रक अडवला. ड्रायव्हरनं नळीत फुंक मारली, आकडा शून्य आला. "चल, काढ गाडी." केबिनमध्ये चढताना त्या गड्याची पायरी दोनदा चुकली, डोळे लालभडक, अंगाला गांजाचा भपकारा. पण यंत्राला नाक दारूपुरतंच दिलेलं. ट्रक वारंगा फाट्याकडे निघून गेला, आणि हे फुंकयंत्र दारूपलीकडची नशा पकडत नाही, हा माझा जुना कंठशोष पुन्हा एकदा खरा ठरला. आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही.

गांजा पकडणारी लाळेची तपासणी काही आभाळातून पडायची नाही. काडी गालाच्या आतून, जिभेवरून फिरवायची, किटमध्ये घालायची. पाच-दहा मिनिटांत गांजा, अफू, कोकेन यांचा माग लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात डिसेंबर 2004 पासून रस्त्यावर ड्रायव्हरांची लाळ तपासली जातेय. अहमदाबादच्या पोलिसांनी लाळेचं यंत्र वापरून पाहिलं, केरळनं व्हॅन फिरवली. आमच्याकडे अजून "प्रस्ताव पाठवू" चाललंय.

विज्ञानाचं राहू द्या. मला लाळ आवडते ती वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कळायला पुणे आणि वडोदरा शेजारी-शेजारी ठेवावे लागतात. 19 मे 2024, कल्याणीनगर. पोर्शेनं दोन तरुण इंजिनियर उडवले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. गाडी चालवणाऱ्या मुलाचं रक्त ससून रुग्णालयात घेतलं गेलं ते सकाळी अकराच्या सुमारास. मधल्या साडेआठ तासांत किती फोन फिरले असतील, ते मी सांगायला नको. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे खरा नमुना कचऱ्याच्या डब्यात गेला आणि कुपीत दुसऱ्याचंच रक्त भरलं गेलं. औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेऊन ठेवला होता म्हणून डीएनए जुळवता आला आणि बिंग फुटलं. तो घेतला नसता तर?

आता वडोदरा, मार्च 2025, होळीची रात्र. पुन्हा भरधाव गाडी, पुन्हा तरुण पोरगा, एका बाईचा जीव गेला. तिथं पोलिसांनी रॅपिड किट लावलं आणि नशेचा संशय लगोलग जाहीर केला. रक्ताचा अहवाल मागाहून आला, त्यानंही तेच सांगितलं. गुजरातचे पोलीस धुतल्या तांदळासारखे, असं माझं म्हणणं नाही. पण पहिला निकाल आधीच जगजाहीर झाला की पुढं कुपी बदलून फायदा काय? शिरेपासून प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता जितका लांब, तितक्या वाटेत टपऱ्या जास्त, आणि प्रत्येक टपरीवर कुणीतरी ओळखीचा बसलेला. लाळ चारचौघांत, रस्त्यावरच तपासली जाते. हिंगोलीचा नमुना नांदेडच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काय काय होऊ शकतं, हे ज्यानं त्यानं आपल्या अनुभवावरून ठरवावं.

म्हणून काडीलाच देव मानायचं नाही. व्हिक्टोरियात तपासणीच्या पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यांसमोर पकडलेला माणूस पुढं प्रयोगशाळेत निर्दोष निघाला. आमच्याकडे प्रयोगशाळेच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निकाल लावेल. कायदाही अर्धवट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूला आकडा आहे, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अमली पदार्थाला आकडाच नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल सिद्ध करायचा. लाळेत गांजा सापडला म्हणजे माणूस आत्ता नशेत आहे असं होत नाही, काल ओढलेलाही सापडू शकतो. आणि महाशिवरात्रीला औंढा नागनाथाहून परतणाऱ्या भक्ताचं काय करणार? 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचा फुलाफळांचा शेंडा. नुसतं पान, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर. किटला पान आणि शेंडा वेगळे कळत नाहीत. भांग पिऊन गाडी हाकणाऱ्याची मला दया नाही, पण त्याच्यावर गांजाचा ठपका कुणी ठेवू नये. तेव्हा काडीनं संशय घ्यावा, शिक्षा प्रयोगशाळेच्या कागदावर व्हावी, आणि नाक्यावरच नमुन्याचे दोन भाग करून एक सील करावा. औंधच्या त्या दुसऱ्या कुपीनं एवढं तरी शिकवलंय.

खरी अडचण मात्र तोंडातली. लाळ घेण्याआधी थोडा वेळ तोंडात काही नको, खाणं नको, तंबाखू तर नकोच. हा नियम ज्यांनी लिहिला ते कळमनुरी ते आखाडा बाळापूर कधी एसटीनं गेलेले नसावेत. दहा मिनिटं रिकामं तोंड या रस्त्यावर शोधून दाखवा! 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे, आणि किट लावायला गेलेल्या हवालदारालाही आधी स्वतःची पिचकारी मारून यावं लागेल. तेव्हा किटचं टेंडर निघेल तेव्हा सोबत चूळ भरायच्या पाण्याचंही काढा, आणि ते पाणी कुठं थुंकायचं तेही त्यातच लिहा.