संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

यंदा आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात एक मोठे वाग्युद्ध झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, नियमित देखभाल तिच्या कंपनीने थांबविली. आणि कक्षातील निम्म्याहून अधिक यंत्रे पुढील आवृत्तीस अपात्र ठरली. यंत्रे धडधाकट, पण त्यांच्यावर जणू वार्धक्याचा शिक्का बसला. तेव्हा त्यांवर एखादी मुक्त प्रणाली घालावी, याबद्दल सर्वांचे एकमत झाले. वाद पेटला तो 'कोणती?' या प्रश्नावर. एक विद्यार्थी उबुंटूचा कैवारी, दुसरा मिंटचा, तिसरा फेडोराचा, चौथा डेबियनचा. तास संपला, वाद संपला नाही, आणि यंत्रे होती तशीच बंद राहिली. सिकंदराबादेत पार्क लेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुना संगणक घेऊन जाणाऱ्या आमच्या कित्येक पालकांनाही हाच प्रश्न पडला असेल. म्हणून त्याविषयी आमचे मत येथे मांडावे, असे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'फुकट ते पौष्टिक' या न्यायाने अनेकजण या प्रणालींकडे वळतात. परंतु फुकट आणि मुक्त हे दोन शब्द एक नव्हेत. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली, तीत पैशापेक्षा स्वातंत्र्याचा विचार मुख्य होता. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरावी, तिची घडण उघडून पाहावी व बदलावी, तिच्या प्रती इतरांस द्याव्या, आणि आपण केलेला बदलही इतरांस द्यावा, असे हे चतुर्विध स्वातंत्र्य आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा तयार केला, आणि दोहोंच्या संयोगाने आजच्या बहुतेक मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या. कुलपासकट घर मिळणे निराळे आणि किल्लीसकट घर मिळणे निराळे; मुक्त प्रणालीत किल्ली आपल्या हाती येते.

मग एकाच गाभ्याच्या इतक्या प्रणाली कशासाठी? आम्ही विद्यार्थ्यांना स्वयंपाकघरातला दाखला देतो. तूरडाळ एकच, पण आमच्या कोंकणी घरात तिची दाळीतोय होते, पुणेकराकडे चिंचगुळाची आमटी होते, आणि या शहरात खट्टी दाल. हिंग, चिंच, फोडणी ज्याची त्याची. तसेच येथेही आहे : गाभा बहुधा तोच; त्याभोवतीची मांडणी, सोबतच्या आज्ञावली आणि देखभालीची पद्धत मात्र निराळी. ज्यास यात भेद दिसत नाही तो गोंधळतो, आणि ज्यास केवळ भेदच दिसतो तो आठवड्याला एक प्रणाली बदलतो. आम्हीही त्यातून सुटलो नाही. घरच्या जुन्या संगणकावर दोन महिन्यांत आम्ही तीन प्रणाली घालून पाहिल्या; पडद्यावरील चित्रे सुंदर झाली, पण चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका अखेर हातानेच लिहावी लागली. एक ना धड भाराभर चिंध्या!

तेव्हापासून निवडीच्या वेळी रूपाकडे न पाहता आम्ही चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न आयुष्याचा. देखभाल किती काळ मिळणार? फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीस सुमारे १३ महिने देखभाल मिळते. नवे ते लवकर हवे असणाऱ्या अभ्यासकास ती उत्तम, पण वर्षातून एकदाच संगणक-कक्षाची डागडुजी करू शकणाऱ्या शाळेस नव्हे. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला ५ वर्षे नियमित देखभाल लाभते. मिंटची मुख्य आवृत्ती याच पायावर उभी असून, विंडोजची सवय झालेल्या आजोबांनाही ती परकी वाटत नाही. डेबियनच्या आवृत्तीसही दीर्घकालीन देखभाल धरून सुमारे ५ वर्षे मिळतात.

दुसरा प्रश्न यंत्राचा. फार जुना संगणक ३२-बिटी असेल तर सावध असावे. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या 'डेबियन १३'ने अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून टाकली आहे. बहुतेक प्रणाली पेन ड्राइव्हवरून, संगणकातील काही न पुसता चालवून पाहता येतात. छपाईयंत्र, ध्वनी व इंटरनेट ही तिन्ही अशी तपासावी, आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवावी, आणि मगच कायमची स्थापना करावी.

तिसरा प्रश्न धन्याचा. मुक्त प्रणालीसही पाठीराखा लागतो, आणि तो कोण हे पाहावे लागते. 'सेंट-ओएस ८' या मुक्त प्रणालीची देखभाल २०२९ पर्यंत होईल, या भरवशावर अनेक संस्थांनी ती घेतली होती. डिसेंबर २०२० मध्ये एकाएकी जाहीर झाले, की ती २०२१ अखेरच बंद होईल. तरीही येथे किल्लीचा गुण दिसला : आज्ञावली मुक्त असल्यामुळे इतरांनी ती उचलून 'रॉकी' आणि 'अल्मा' या नव्या प्रणाली उभ्या केल्या, आणि वापरणारे निराधार झाले नाहीत. डेबियनची रीत आणखी निराळी आहे. १९९३ साली सुरू झालेला हा प्रकल्प कोणा एका कंपनीचा नाही. त्याचे सदस्य दरवर्षी मतदानाने आपला नेता निवडतात. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली प्रसिद्ध केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच पायावर रचलेली आहे. ती भारतीय भाषांसाठी केलेली असल्याने आपण पेन ड्राइव्हवर अवश्य पाहावी. मात्र केवळ अभिमानापोटी नव्हे, उरलेले प्रश्न तिलाही विचारूनच घ्यावी.

चौथा प्रश्न भाषेचा, आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा. आमच्या मातोश्रींच्या तोंडी असलेल्या जुन्या कोंकणी ओव्या पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका टंकलेखनाच्या दुकानातून संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या एका विशिष्ट फाँटात बांधलेल्या होत्या. पुढे मातोश्री निवर्तल्या. काही वर्षांनी नव्या संगणकावर ती फाइल उघडली, तेव्हा ओव्यांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी होती. छापलेली काही पाने हाती होती, तेवढ्याच ओव्या उरल्या. दोष त्या दुकानदाराचा नव्हता. आमच्या शब्दांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, हे आम्हांसच उमगले नव्हते. आज युनिकोडमुळे देवनागरी मजकूर कोणत्याही प्रणालीवर वाचता येतो, आणि मुक्त स्वरूपात साठविलेला लेख कोणा एका आज्ञावलीचा मिंधा राहत नाही.

परंतु लिपी उमटली म्हणजे भाषा आली असे नव्हे. मुक्त प्रणालींत मराठी आहे. डेबियनची स्थापना मराठीतून करता येते. तरी पुढे काम करताना मध्येच इंग्रजी वाक्य ठेच लावते, कारण भाषांतर करणारे हात थोडे आहेत. पाच लिप्यांत विभागलेल्या आमच्या कोंकणीची गत त्याहून बिकट. विक्रेता गिऱ्हाईक मोजतो आणि लहान भाषेला शेवटी बसवितो; येथे मात्र कोणाची परवानगी न मागता उरलेले वाक्य आपणच मराठीत आणू शकतो. आपल्याच हैदराबादेतील 'स्वेच्छा' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तेलुगूसाठी हे काम केले आणि तेलुगूतून चालणारी प्रणाली सिद्ध केली. गंमत अशी, की मराठीत स्वेच्छा म्हणजे आपली इच्छा, आणि तेलुगूत या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. शेजाऱ्याच्या भाषेत आपल्या शब्दाला मिळालेला हा अर्थ आम्हांस फार मोलाचा वाटतो.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. छापखान्यांतील काही मराठी अक्षरजुळणीच्या आज्ञावली आणि हिशेबाची काही साधने विंडोजवरच चालतात. ज्याची उपजीविका त्यांवर आहे त्याला आम्ही भलता आग्रह करणार नाही. नोकरीत पुढे विंडोजच भेटेल, हा पालकांचा आक्षेपही खोटा नाही. पण एका सायकलीवर तोल साधला की दुसरी फारशी अडत नाही. केरळच्या सरकारी शाळांतील मुले गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत.

शेवटी आमचे मत. शाळेसाठी व घरासाठी डेबियनच्या कुळातील एखादी दीर्घ देखभालीची प्रणाली घ्यावी : यंत्र बरे असेल व घरात नवशिके असतील तर मिंट, स्थैर्य हवे असेल तर डेबियन. दोन तुल्यबळ वाटल्या, तर गल्लीतील जाणकार जी वापरतो ती घ्यावी. अडल्या वेळी दूरच्या पंडितापेक्षा शेजारी बरा. आणि एकदा घेतली की निदान एक शैक्षणिक वर्ष ती सोडू नये.

विद्यार्थिमित्रांनो, वाद घालणाऱ्या तुम्हां चौघांना आमचे एवढेच सांगणे, की पुढच्या शनिवारी कक्षात या. चारही प्रणाली पेन ड्राइव्हवर आणा. चार प्रश्न फळ्यावर लिहू, प्रत्येकीची परीक्षा घेऊ, आणि संध्याकाळपूर्वी निदान एक यंत्र सुरू करू. त्यावर जे पहिले इंग्रजी वाक्य आडवे येईल, ते मराठीत कसे म्हणावे, हा त्या दिवशीचा गृहपाठ.