पॉलिशच्या आधी लाकूड पाहा

मैत्रिणींनो, पेण-रोह्याकडे सुताराकडून सागवानी कपाट करून घेताय ना? मग पॉलिश चढण्याआधी एकदा जाऊन लाकूड स्वतः पाहून या. सागाचा आतला गाभा सोनेरी-तपकिरी नि टिकाऊ. बाहेरची कड पांढरट, तिला कीड लवकर लागते. पॉलिशखाली दोन्ही सारखीच दिसतात, पैसे मात्र गाभ्याचे जातात! फळ्या नीट सुकलेल्या हव्यात. ओलं लाकूड पुढे आकसतं, सांधे सैल होतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून ड्रॉवर जरा सैलच ठेवायला सांगा. आवारातलाच साग तोडायचा असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी काढा. विचारायला संकोच कसला? वस्तू लेकीसुनांपर्यंत टिकायची आहे!