जीपचे पोटदुखणे

धानाच्या बांधीत उतरायचे तर दोन चाकांची ओढ पुरत नाही, हे आम्हां तिरोडेकरांना सांगायला नको. मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली; आमची जीप त्याच घराण्यातली. वयोमानाने यंदा तिचा लो गिअर आपोआप निसटू लागला. कापणी तोंडावर आणि भंगारवाल्याच्या दारावर चकरा! "अहो, विका तरी किंवा दुरुस्त तरी करा," इति सौभाग्यवती.

मी अंगणात गोणपाट अंथरले. ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या आसांना वाटणारी पेटी. तिचे मर्म मधल्या शाफ्टात. त्यावरची सुयांसारखी बेअरिंगे झिजली की गिअर डुगडुगतो, दात सुटतात. हा शाफ्ट कित्येक जण घणाने ठोकतात. मग पेटीचे भोक बिघडते आणि तेल कायमचे गळते. मी पितळी सळई घेतली, बेअरिंगांना पुलर लावला. गिअर बदलायच्या दांड्या ओढताना भोकावर चिंधी धरावी, आतली गोळी स्प्रिंगसकट बंदुकीसारखी सुटते. (शेजारची कोंबडी साक्षीला आहे.)

खरी कसोटी मागच्या टोपणाखालच्या शिमांची. शाफ्टाचा मागेपुढे खेळ इंचाचे चार ते आठ सहस्रांश हवा. डायल गेजने आधी बारा दाखवले; तीन-तीन सहस्रांशांच्या दोन शिमा काढल्या, सहा! नव्वद नंबरचे तेल भरले.

काल लो लावून धानाची ट्रॉली बांधीतून ओढली. दांडी जागची हलली नाही. पुढच्या आसाचे सील तेवढे पाझरते आहे, ते पाडव्यानंतर.