वऱ्हाडातला ऱ



फोनवर अपडेट येतं तेव्हा त्याखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘बग फिक्सेस अँड इम्प्रूव्हमेंट्स’. आपण ती वाचत नाही. ‘नंतर’ वर बोट दाबतो आणि तव्यावरची पोळी उलटायला जातो. मागच्या अंकात या सदरात मी पासवर्डबद्दल लिहिलं होतं. ते वाचून मंडळातल्या एका काकूंनी फोन केला. म्हणाल्या, “पासवर्डचं राहू दे. हे लोक दर आठवड्याला दुरुस्त काय करत असतात ते सांग. आधीच नीट का करत नाहीत?”

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर देणं मला भागच आहे. गेली 22 वर्षं मी नेटवर्क बॅकअपचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्यांपैकीच मी एक. तेव्हा काकू, यंदाचं सदर तुमच्यासाठी.

नेटवर्क बॅकअप म्हणजे काय ते आधी थोडक्यात. ऑफिसात दोनशे कॉम्प्युटर असतील तर प्रत्येकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. रात्री सगळे घरी गेले की मधला सर्व्हर त्या प्रत्येकाला विचारतो, “आज काय नवीन? काय बदललं? काय गेलं?” जे नवीन असेल तेवढंच नेटवर्कवरून मागवतो आणि कोठारात टाकतो. कोठार म्हणजे पूर्वी टेप, आता डिस्क किंवा क्लाउड. शिवाय एक वही असते, तिला आम्ही कॅटलॉग म्हणतो. कुठली फाइल, कुठल्या तारखेची, कोठारात कुठे ठेवली, हे तिच्यात लिहिलेलं असतं. हे काम रात्रीचं, म्हणूनच 2000 साली कर्न सिबाल्ड यांनी सुरू केलेल्या अशाच एका सॉफ्टवेअरचं नाव ‘बॅक्युला’ आहे. ड्रॅक्युलासारखं रात्री येतं आणि कॉम्प्युटरमधलं सत्त्व शोषून नेतं, असा त्यातला विनोद.

आता बग कसले असतात? एक सोपा सांगतो. दिवाळीच्या आसपास आपण इथे घड्याळं तासभर मागे नेतो. त्या रात्री दीड दोनदा वाजतो. दीडचा बॅकअप लावला असेल तर तोही दोनदा सुरू होऊ शकतो, आणि दोन्ही एकाच टेपसाठी भांडत बसतात. मार्चमध्ये उलटं. दोननंतर थेट तीन वाजतात, अडीच वाजतच नाहीत. अडीचचा बॅकअप त्या रात्री होतच नाही. त्यात 2007 पासून अमेरिकेने घड्याळ बदलायच्या तारखाच बदलल्या. एप्रिलचा पहिला रविवार जाऊन मार्चचा दुसरा आला, ऑक्टोबरचा शेवटचा जाऊन नोव्हेंबरचा पहिला आला. आधी नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर एका कायद्याने चुकीचं ठरलं. काकू, ‘आधीच नीट का करत नाहीत’ याचं अर्धं उत्तर हे. आपण लिहून मोकळे होतो, पण जग बदलत राहतं.

उरलेलं अर्धं उत्तर माझ्या स्वतःच्या चुकीत आहे. ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

माझे बाबा अकोल्याचे. शाळेत मास्तर होते. 2011 मध्ये ते आणि आई सहा महिने आमच्याकडे येऊन राहिले. थंडीत बाहेर पडता यायचं नाही, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेऊन आम्ही बसायचो. मी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू करायचो आणि बाबा बोलायचे. एकूण 14 रेकॉर्डिंग्ज झाली. प्रत्येकाला बाबांनी स्वतः नाव दिलं आणि मी ते मराठीतच टाइप केलं. ‘हुरडा’, ‘पूर्णेचा पूर’, ‘कपाशीची गाडी’, ‘पहिलं बिऱ्हाड’, ‘सासऱ्यांचा पाहुणचार’, ‘वऱ्हाडी म्हणी’. 2013 मध्ये बाबा गेले. त्यानंतर मी ती फोल्डर उघडली नाही. उघडायचा धीर होत नव्हता. पण काळजीही नव्हती. घरच्या मॅकचा बॅकअप रोज रात्री आमच्याच सॉफ्टवेअरने होत होता आणि सकाळी ‘यशस्वी’ अशी ईमेल येत होती.

2016 मध्ये मॅकची डिस्क गेली. मी निवांत होतो. नवीन डिस्क घातली, सगळं परत मागवलं. 14 पैकी 11 रेकॉर्डिंग्ज आली. आली नाहीत ती तीन: ‘पहिलं बिऱ्हाड’, ‘सासऱ्यांचा पाहुणचार’ आणि ‘वऱ्हाडी म्हणी’. वहीत तिन्हींची नोंद होती. कोठारात एकही नव्हती.

नावं पुन्हा एकदा वाचा. तिन्हींत काय सारखं आहे? मला ते दिसायला रात्रीचे तीन वाजले. ऱ. ‘पूर्णेचा पूर’ मधला रफार वेगळा, तो सुखरूप आला. पण बिऱ्हाडातला, सासऱ्यांतला, वऱ्हाडातला ऱ अडकला. शाळेत आपल्याला आचार्यास आणि आचाऱ्यास, दर्या आणि दऱ्या यांतला फरक शिकवतात ना, तोच हा ऱ.

कॉम्प्युटरच्या आत हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःचा एक क्रमांक आहे. पण साधा र आणि त्याखाली नुक्ता, असे दोन क्रमांक एकापुढे एक ठेवूनही तेच अक्षर होतं. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, आणि दोन्ही एकच समजावं असा युनिकोडचा नियम आहे. मॅकची त्या वेळची फाइल व्यवस्था अशी अक्षरं सोडवून ठेवायची: ऱ चा र आणि नुक्ता, जर्मन ü चा u आणि वरचे दोन टिंब. लिनक्सवर चालणारा आमचा सर्व्हर मात्र मिळालेलं नाव जसंच्या तसं ठेवायचा. म्हणजे मॅकवरची एखादी फाइल आणि सर्व्हरवरची तीच फाइल नावाने जुळेलच असं नाही.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. एका जर्मन गिऱ्हाइकाने (हा शब्दही त्यातलाच, बघा) तक्रार केली होती की ü असलेल्या फाइल्स सारख्या सारख्या नव्याने येतात. 2014 मध्ये ती दुरुस्ती माझ्याकडे आली. सर्व्हरवर मी युनिकोडची तयार, पूर्ण लायब्ररी लावली. कुठलंही नाव वहीत लिहिण्याआधी त्यातली अक्षरं जोडून घ्यायची. पण मॅकवरचा प्रोग्रॅम छोटा ठेवायचा होता, म्हणून तिथे मी हाताने एक तक्ता केला. त्यात ü, é, ñ अशी युरोपातली अक्षरं होती. चाचणी केली, जर्मन नावं चालली, गिऱ्हाईक खूश झालं. त्या तक्त्यात ऱ नव्हता. बाहेरच्या कुणी नाही, मी, अकोल्याच्या मास्तरांच्या मुलाने, तो तक्ता केला होता.

पुढे काय झालं ते आता पाहा. रात्री मॅक यादी पाठवायचा, तिच्यात सोडवलेला वऱ्हाड. वहीत होता जोडलेला वऱ्हाड. सर्व्हर म्हणाला, वहीतली ही फाइल आजच्या यादीत नाही, म्हणजे मालकाने पुसली, तिच्यावर खूण करा. मग यादीतलं नवं नाव वहीत लिहायला गेला. लिहिताना लायब्ररीने ऱ जोडला. तेव्हा सर्व्हर म्हणाला, ही तर आहेच आपल्याकडे, आकारही तोच, तारीखही तीच, परत कशाला मागवायची? 90 दिवसांनी नियमाप्रमाणे सफाई झाली आणि पुसल्याची खूण असलेला माल कोठारातून काढून टाकला गेला. नोंद मात्र इतिहास म्हणून वहीत राहिली. त्या नोंदीकडे बघून सर्व्हर पुढची दोन वर्षं रोज रात्री म्हणत राहिला, आहे आपल्याकडे. आणि रोज सकाळी मला ‘यशस्वी’ ची ईमेल येत राहिली. त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक भाग आपापल्या परीने बरोबरच वागत होता.

अशा गोष्टी मोठमोठ्यांच्या बाबतीतही होतात. 31 जानेवारी 2017 ला ‘गिटलॅब’ या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, त्यांतली एकही कामाला आली नाही. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं साधन वापरत असल्यामुळे होतच नव्हता. तो होत नाही हे सांगणाऱ्या ईमेल पत्ता पडताळणीत नाकारल्या जात होत्या. अखेर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने हे काही लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर थेट दाखवली. ते पाहताना मला कुणाचंच हसू आलं नाही.

माझ्या तीन रेकॉर्डिंग्जपैकी दोन सापडली. ‘पहिलं बिऱ्हाड’ आणि ‘सासऱ्यांचा पाहुणचार’ यांत आईबद्दल बरंच होतं, म्हणून मी ती पूर्वी नागपूरला धाकट्या बहिणीला पाठवली होती. तिने ती पेन ड्राइव्हवर घालून आईच्या कपाटात ठेवली होती, आणि नंतर आम्ही दोघंही ते विसरलो होतो. ‘वऱ्हाडी म्हणी’ गेलं. चाळीस मिनिटांचं होतं. मधेच चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आणि त्यावर बाबांचं हसणं मला आठवतं. म्हणी मात्र पाच-सहाच आठवतात. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, “तुम्ही लेकरं ऐकत होता, मी पोळ्या लाटत होते.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी स्वतःच्याच नावावर बग नोंदवला. दुरुस्ती मोठी नव्हती. हाताने केलेला तक्ता काढून टाकला आणि दोन्हीकडे एकच पूर्ण लायब्ररी लावली. एकाच रात्री एक फाइल ‘गेली’ आणि त्याच आकाराची, त्याच तारखेची दुसरी ‘आली’ असं दिसलं तर गुपचूप पुढे न जाता माणसाला विचारायचं, असं ठरवलं. वहीत नोंद असली तरी कोठारात माल आहे का, हे दर आठवड्याला थोडं थोडं तपासायला लावलं. चाचणीच्या फाइल्सना नावं दिली: ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’. आमच्या टीममधल्या कुणालाही ती वाचता येत नाहीत. पण नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती तपासली जातात.

त्या आवृत्तीसोबतच्या टिपणात या सगळ्याची एकच ओळ झाली: ‘काही विशिष्ट अक्षरं नावात असलेल्या फाइल्सचा बॅकअप न राहण्याची अडचण दूर केली.’ काकू, तुम्ही न वाचता ‘नंतर’ म्हणता ना, ती ही ओळ. अशा प्रत्येक ओळीमागे बहुधा कुणाचं तरी काहीतरी गेलेलं असतं. त्यानेच तक्रार केलेली असते, आणि तेच दुसऱ्याचं जाऊ नये म्हणून ती ओळ आलेली असते. तेव्हा अपडेट ‘नंतर’ वर टाकू नका.

आणखी दोनच गोष्टी सांगतो. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला 3-2-1 चा नियम लक्षात ठेवा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर. नागपूरचं आईचं कपाट हे माझं नकळत पाळलेलं ‘एक’ होतं. आता मी ते मुद्दाम पाळतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भाजणी चांगली जमली की नाही हे डब्यात बघून कळत नाही, एक घाणा तळून बघावा लागतो. बॅकअपचंही तसंच आहे. ‘यशस्वी’ ची ईमेल म्हणजे डबा भरलेला आहे, एवढंच. यंदा दिवाळीच्या साफसफाईत अर्धा तास काढा. जुनी एखादी फाइल निवडा, शक्यतो मराठी नावाची, तिच्यात ऱ असेल तर उत्तम. ती बॅकअपमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत मागवा आणि उघडून बघा. आवाज असेल तर शेवटपर्यंत ऐका. मी ‘हुरडा’ ऐकलं, पाच वर्षांनी.

आणि तुमच्यापैकी कुणी वऱ्हाडातलं असेल, घरात म्हणी बोलल्या जात असतील, तर मंडळाच्या पत्त्यावर मला लिहून पाठवा. मी जमवतो आहे. बाबांनी सांगितलेल्या त्यात किती सापडतील माहीत नाही, पण ऐकली की ओळखेन.

शुभ दीपावली!