जाहीर आवाहन : घोड्याच्या तापावर अंदाजाने सुई नको

हुबळीतील दाजीबानपेठ, दुर्गदबैल आणि आसपासचे घोडेवाले, टांगेवाले, गाढवे-खेचरे बाळगणारे आणि पेठेतील सर्व रहिवासी यांस,



पावसाळा सरत आला की गोचीड माजते. त्याच सुमारास नवरात्र येते, तुळजाभवानीच्या देवळाभोवती गर्दी होते आणि तुळशीचे लग्न लागले की वराती सुरू होतात. घोड्याच्या कमाईचे दिवस गोचिडीच्या दिवसांना असे लागूनच येतात, म्हणून हे आवाहन आताच करीत आहोत.

गोचीड, म्हणजे आपल्या कन्नड शेजाऱ्यांचे ‘उण्णे’, नुसते रक्त पिऊन थांबत नाही. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडतापाने माणसे दगावली, त्या तापाचा विषाणू गोचिडीनेच पसरवला होता. घोड्यालाही ती ताप देते, आणि तो एकाच प्रकारचा नसतो. अ‍ॅनाप्लाझ्मा नावाचा जिवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो. घोड्यांतील हा रोग १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. थायलेरिया आणि बॅबेसिया हे जिवाणू नव्हेत, ते तांबड्या पेशी फोडणारे परजीवी आहेत. आपल्या देशातील घोड्यांत गोचिडीचा ताप म्हणून बहुधा हेच सापडतात.

बाहेरून पाहिले तर दोन्ही तापांत घोडा सारखाच दिसतो. तो चारा टाकतो, मान खाली घालून उभा राहतो, हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या पडतात, पाय सुजतात. औषधे मात्र वेगळी आहेत. जिवाणूवर टेट्रासायक्लीनच्या जातीचे औषध चालते. परजीवींचे मुख्य औषध निराळे, आणि गाढवाला ते फार जपून द्यावे लागते. कुणाच्या तरी सांगण्यावरून सुई टोचणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कोणता ताप आहे हे रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळते. तेव्हा आधी रक्त तपासा, मग सुई.

घोडेवाल्यांना विनंती :

१. रोज खरारा करताना कानाच्या आत, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली आणि जांघेत हात फिरवून पाहा.

२. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. रॉकेल किंवा विडीचा चटका नको.

३. गाई-म्हशींवर मारायचे अमिट्राझ घोड्या-गाढवांना कधीही लावू नका. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, लीद तुंबते आणि पोटशुळाने जनावर जाऊ शकते. कोणते औषध लावायचे ते डॉक्टरांनाच विचारा.

४. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. तबेल्याच्या भेगा बुजवा, जुने गवत हलवा.

५. एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरू नका. रोग तिच्यावाटेही जातो.

६. ताप १०२ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की काम थांबवा आणि पशुवैद्याला बोलवा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

शेजाऱ्यांना विनंती : आजारी घोड्याला हात लावल्याने हा ताप माणसाला होत नाही. गोचीड मात्र माणसालाही चावते. म्हणून घोडेवाल्याला पेठेतून हुसकावू नका. तबेल्यामागचा कचरा उचलून घेण्यासाठी त्याच्याबरोबर उभे राहा.

शेवटची विनंती लग्नघरांना. घोडेवाला तापलेला घोडा का जुंपतो, हे आपण सगळे जाणतो : एक वरात बुडाली की आठवड्याचा चारा बुडतो. त्याने आदल्या दिवशी ‘घोडा आजारी आहे’ असे कळवले, तर दिलेला विसार परत मागू नका, पुढच्या कार्याला त्यालाच बोलवा. नवरदेव मांडवापर्यंत चार पावले चालत गेला म्हणून मुहूर्त टळत नाही. तापलेल्या घोड्यावर नवरदेव बसवू नका.

आपले,
दाजीबानपेठेतील काही रहिवासी