मांडवाला लगाम हवा, पंगतीला नको

"ताई, फी पुन्हा वाढली गं!" इंडियानाहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. फी म्हटल्यावर मला वाटलं, भाचीच्या कॉलेजची असेल. पण ही फी होती ड्रम कोअरची. एका उन्हाळ्यासाठी पाच हजार डॉलरच्या वर! मनातल्या मनात हिशेब केला, चार लाखांहून जास्त झाले. हातातली जुडी तशीच राहिली.

ड्रम कोअर म्हणजे काय, हे मलाही भाचीमुळेच कळलं. आपल्याकडे गणपतीत ढोल-ताशा पथकं असतात, त्यांचं हे लांबचं भावंड म्हणा. ड्रम, तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं आणि झेंडे फिरवणाऱ्या मुलामुलींचा ताफा मिळून दीडशेच्या वर जण फुटबॉलच्या मैदानावर चालत-धावत, आकृत्या करत दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करतात. मात्र इथे मिरवणूक नसते, स्पर्धा असते. परीक्षक शंभरपैकी गुण देतात. 'ड्रम कोअर इंटरनॅशनल'ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी झाली. अलीकडे अंतिम फेरी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला, लुकस ऑइल स्टेडियममध्ये होते. प्रमुख गटात वयाची अट एकविसाची. आमची भाची एकोणीस वर्षांची, झेंडेवाल्या ताफ्यात.

पूर्वी ही पथकं गल्लीतली असत. माजी सैनिकांच्या संघटना आणि चर्च त्यांचा खर्च उचलत आणि मोहल्ल्यातली पोरं त्यांत वाजवत. आता देशभरातून मुलं निवडीला येतात. बस, ट्रक, डिझेल, विमा, शिक्षकांचे पगार, सगळंच वाढलं. नियमही सैल होत गेले. २००४ पासून मैदानावर माइक आणि स्पीकर आले, २००९ पासून सिंथेसायझर. मग भव्य देखावे आणि दरवर्षी नवे पोशाख. एकानं आणलं की दुसऱ्याला आणावंच लागतं. शेजारणीनं हॉलला नवे पडदे लावले की आपले कसे जुने वाटायला लागतात, अगदी तस्सं!

२०२४ च्या जुलैत मी बहिणीकडे गेले होते, तेव्हा तिच्याबरोबर आठवडाभर पथकाच्या स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये कांदे चिरले. पोरं शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, रात्री बसमधून पुढच्या गावी जातात आणि दिवसभर उन्हात सराव करतात. त्यांना चार वेळा जेवायला लागतं. दोनशेच्या घरात पानं आणि वाढणाऱ्या बहुतेक आया, त्याही बिनपगारी. माझ्या शेजारी टोमॅटो चिरणारी बाई दरवर्षी दोन आठवडे पगारावर पाणी सोडून येते. मुलगा ट्रंपेट वाजवतो म्हणून!

त्या आठवड्यात आमच्या शेगडीचा एक बर्नर बंद होता. चार दिवस निरोप गेले, "पैसे नाहीत, सांभाळून घ्या." त्याच आठवड्यात शेजारच्या ट्रकमधून मैदानावरच्या देखाव्याचे नवे रंगवलेले भाग उतरले. मी कुणाला बोलले नाही, पाहुणी होते. पण कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं की आणखी कशानं, हे सांगता येणार नाही.

पथकांच्या खर्चावर मर्यादा घालावी का, हा वाद मी ऐकला तो त्याच ट्रकमध्ये. माझं उत्तर 'हो' असं आहे. पण मर्यादा कशावर, हे आधी ठरवायला हवं.

मेहुण्यांना मर्यादा अजिबात पटत नाही. ते म्हणतात, "काही पथकांनी वर्षानुवर्षं बिंगो चालवून पैसा उभा केला. त्यांच्या कष्टाला शिक्षा का?" बिंगो म्हणजे आपली हाउजी. तीही रात्र रात्र बसून चालवायची म्हणजे खरोखरच कष्ट आहेत. शिवाय ते २०१६ चं उदाहरण देतात. त्या वर्षी ओहायोच्या 'ब्लूकोट्स'नं मैदानावर मोठाल्या घसरगुंड्या मांडल्या आणि पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. अशा कल्पनांना कात्री लावायची का? मुद्दा खोटा नाही. तो कार्यक्रम मी बहिणीच्या घरी पाहिला आणि डोळे दिपले.

पण दुसरी बाजूही पाहा. कॅलिफोर्नियाचं 'सांता क्लारा व्हॅनगार्ड' १९६७ चं, सात वेळा विजेतं. तेच पथक पैशांची घडी बसेना म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात मैदानात उतरलं नाही. २०२४ मध्ये ते परतलं. एवढ्या मोठ्या घराची ही गत, तर लहानांनी कुणाकडे बघायचं?

मग एकूण खर्चालाच टोपी घालावी? मला ते धोक्याचं वाटतं. लग्नात पैसे कमी पडले की मांडव लहान होतो का? नाही. आधी पंगतीतलं एक पक्वान्न जातं, मग घरच्या बाईची साडी जाते. जे चारचौघांत दिसतं त्याला कुणी हात लावत नाही. शंभरपैकी चाळीस गुण जिथे 'एकंदर परिणामा'साठी आहेत, तिथे पथकं देखावा राखतील आणि कात्री लागेल ती जेवण, नर्स, बसचा जादा ड्रायव्हर आणि पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांवर. १९३४ पासूनचं 'द कॅडेट्स' हे नामवंत पथक २०२४ मध्ये बंद पडलं. लैंगिक अत्याचाराच्या जुन्या आरोपांवरून झालेला दावा आणि त्याचा बोजा त्यामागे होता. एकोणीस वर्षांच्या मुलीला उन्हाळाभर घराबाहेर पाठवणाऱ्या आईला विचारा, देखरेखीवरचा पैसा वाचवायचा का म्हणून!

एकूण खर्च तपासणंही सोपं नाही. फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत २०२१ पासून संघांना खर्चाची मर्यादा घातली, त्या वर्षी ती साडेचौदा कोटी डॉलरची होती. पहिल्याच वर्षी 'रेड बुल'नं ती ओलांडली आणि ७० लाख डॉलरचा दंड भरला. तिथे हिशेबनिसांची फौज असते. इथे कांदे चिरायला माणसं मिळत नाहीत, हिशेब कोण तपासणार?

म्हणून मर्यादा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर असावी. देखाव्याचं सामान एका ट्रकात मावेल एवढंच. पोशाख किमान दोन उन्हाळे वापरायचा. स्पीकरांची संख्या ठरलेली. हे मोजायला हिशेबनीस लागत नाही, गेटवर उभा राहिलेला माणूस पुरतो. आणि मर्यादा या खेळाला नवी थोडीच आहे? वयाची आहे. सदस्यांच्या संख्येचीही आहे, ती एकेकाळी १२८ होती. त्या संख्येत कला गुदमरली नाही. दुसरं म्हणजे, फीतला किती पैसा जेवणाला, किती प्रवासाला, किती देखरेखीला आणि किती देखाव्याला गेला, हे पथकानं पालकांना साध्या भाषेत कळवावं. ही पथकं ना-नफा संस्था आहेत. त्यांची करविवरणपत्रं सगळ्यांना पाहता येतात, पण माझ्या बहिणीसारखीला त्यांतून काय उमगणार? घरात किराण्याची यादी आपण फ्रिजवर लावतोच ना?

यानं सगळी पथकं सारखी होणार नाहीत, श्रीमंत श्रीमंतच राहतील. त्यांनी खुशाल चांगले शिक्षक ठेवावेत, गरजू पोरांची फी माफ करावी. त्यावर कसली मर्यादा?

भाचीची एक मैत्रीण आहे. "मावशी, ती माझ्यापेक्षा कितीतरी छान झेंडा फिरवते," असं भाची स्वतःच सांगते. निवड झाली तेव्हा दोघी फोनवर किंचाळल्या होत्या. मग फीचा आकडा आला. मैत्रिणीनं नम्रपणे नकार कळवला आणि उन्हाळ्यासाठी किराणा दुकानात नोकरी धरली. वयाची अट एकविसाची, म्हणजे तिच्याकडे उन्हाळे तरी किती उरले?

बहिणीनं फी हप्त्यांनी भरायचं ठरवलंय. मी म्हटलं, "भर. पण पथकाला पत्र लिहून विचार, आमच्या बर्नरचं काय झालं?"